कीबोर्ड सापडत नाही: लिनक्स आणि इतर युनिक्स मशीनवर नेमकं कुठं अडतंय ते कसं शोधायचं

मशीन सुरू झालं, लॉगिनचा पडदा आला, माउस हलतोय, पण पासवर्डच्या चौकटीत एक अक्षर उमटत नाही. अशा वेळी बहुतेक जण थेट उपायांकडं धावतात. ड्रायव्हर पुन्हा टाक, कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदल, लेआउट (बटणांची मांडणी) बदल, शेवटी सगळी सिस्टिमच नव्यानं टाक. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं होऊन बसतं. यातला एखादा उपाय कधी लागूही पडतो, पण बिघाड कशात होता ते कळत नाही आणि महिन्याभरानं तोच प्रकार पुन्हा पुढ्यात येतो.

बटण दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत तो संदेश बऱ्याच हातांतून जातो. आधी वायर किंवा रेडिओ, मग यूएसबी, पीएस/२ किंवा ब्लूटूथचा कंट्रोलर, मग कर्नलमधला ड्रायव्हर, मग कर्नलची इनपुट यंत्रणा, मग जोडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारं यूडेव्ह, बटणांचे संदेश डेस्कटॉपपर्यंत नेणारं लिबइनपुट, आणि सगळ्यात शेवटी पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स किंवा वेलँडचा डेस्कटॉप. यातल्या प्रत्येक ठिकाणी डोकावून बघायची सोय युनिक्समध्ये आहे. म्हणून मी एकच नियम पाळतो: संदेश कुठपर्यंत पोचतो ते कळल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

कमांड आणि फाइलींची नावं इथं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. जिथं स्पेलिंगचा घोटाळा होऊ शकतो तिथं अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

मशीनमध्ये शिरायला दुसरी वाट

कीबोर्डच चालत नसेल तर कमांड द्यायची कशी? सगळ्यात चांगली वाट एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरून कमांड द्यायची सोय. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरच्या एसएसएच अ‍ॅपमधून आत शिरता आलं की निवांत काम करता येतं. नवं मशीन लावलं की मी एसएसएच सर्व्हर आधी चालू करतो, तो अशाच दिवसासाठी. एसएसएच नसेल तर दुसऱ्या प्रकारचा कीबोर्ड जोडून बघा, म्हणजे लॅपटॉपचा आतला कीबोर्ड बंद असेल तर यूएसबीचा, आणि वायरलेस बंद असेल तर वायरचा. तोही नसेल तर बऱ्याच लॉगिन पडद्यांवर अ‍ॅक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, त्यातून ऑनस्क्रीन कीबोर्ड उघडून माउसनं पासवर्ड टाकता येतो. सर्व्हरला सीरियल कन्सोल (वेगळ्या वायरवरून कमांड द्यायची सोय) असेल तर प्रश्नच नाही.

कीबोर्ड कुठपर्यंत जिवंत असतो?

मशीन रीस्टार्ट करा आणि प्रत्येक टप्प्यावर बटणं दाबून बघा.

पहिला टप्पा फर्मवेअरचा, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय सेटअप. डिलीट किंवा एफ२ दाबून सेटअप उघडला नाही, तर लगेच कीबोर्ड गेला असं समजू नका. अनेक मशीनवर फास्ट बूट चालू असतं आणि त्यात वेळ वाचवण्यासाठी यूएसबीची तयारीच टाळलेली असते. एसएसएचमधून 'सिस्टिमसीटीएल रीबूट --फर्मवेअर-सेटअप' दिलं की यूईएफआय मशीन सरळ सेटअपमध्येच जाऊन थांबतं. तिथं बाण चालतात का ते बघा. तिथंही चालत नसतील तर ऑपरेटिंग सिस्टिमचा यात काहीच दोष नाही. वायर, पोर्ट, खुद्द कीबोर्ड किंवा फर्मवेअरमधलं 'लेगसी यूएसबी सपोर्ट' हे सेटिंग, यांपैकीच काहीतरी आहे. लिनक्सला दोष देत बसणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुसरा टप्पा ग्रबचा, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू. ग्रब सहसा फर्मवेअरकडूनच बटणं वाचतो, त्यामुळं तिथं बाण चालले तर एवढं पक्कं होतं की कीबोर्ड, वायर आणि पोर्ट ठीक आहेत. तिसरा टप्पा, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिचा पासवर्ड विचारणारा पडदा. चौथा साधा कन्सोल, म्हणजे फक्त अक्षरांचा पडदा, आणि पाचवा डेस्कटॉप. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून कन्सोलवर जाता येतं, पण कीबोर्डच बंद असेल तर एसएसएचमधून 'सूडो सीएचव्हीटी ३' द्या (सूडो म्हणजे रूटच्या, प्रशासकाच्या अधिकारानं चालव). पडदा कन्सोलवर येईल. आता समोरच्या कीबोर्डवर टाइप करा. इथं अक्षरं उमटली आणि डेस्कटॉपवर उमटत नसतील, तर कर्नलपर्यंत सगळं ठाकठीक आहे आणि अर्धं काम तिथंच संपलं.

कॅप्स लॉकच्या दिव्याकडंही लक्ष ठेवा. पुष्कळांना वाटतं की तो दिवा कीबोर्ड स्वतः लावतो. यूएसबी आणि पीएस/२ कीबोर्डमध्ये तसं नसतं. बटण दाबल्याची खबर संगणकाकडं जाते आणि संगणक उलट निरोप पाठवतो की दिवा लाव. म्हणजे कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल तर जाणारा आणि येणारा, दोन्ही रस्ते मोकळे आहेत. मग पोर्ट बदलत बसण्यात अर्थ नाही. आणि लॅपटॉपचा किंवा पीएस/२ कीबोर्डचा कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकत राहिला तर कीबोर्डचा विषय बाजूला ठेवा, तो कर्नल पॅनिक आहे, म्हणजे कर्नलच कोसळलाय.

वायर आणि पोर्ट

यावर फार वेळ घालवायचा नाही, पण वगळायचंही नाही. हब काढून कीबोर्ड थेट मशीनला लावा. मागचा आणि पुढचा पोर्ट बदलून बघा. तोच कीबोर्ड दुसऱ्या संगणकावर लावा. वायर वेगळी निघत असेल तर ती बदला, आणि नवी वायर निव्वळ चार्जिंगची नाही ना याची खात्री करा. पीएस/२ कीबोर्ड मात्र मशीन बंद असतानाच जोडायचा, कारण ती जोडणी चालू मशीनवर काढण्या-घालण्यासाठी बनवलेलीच नाही. यूएसबीचं पीएस/२ करणारा छोटा अडॅप्टरही सगळ्या कीबोर्डना चालत नाही. तो फक्त तारा जुळवतो, दोन्ही भाषा कीबोर्डलाच याव्या लागतात.

कर्नल काय म्हणतो ते ऐका

एसएसएचच्या खिडकीत 'सूडो डीमेसेज -डब्ल्यू' चालू करा. डीमेसेजची अक्षरं डी, एम, ई, एस, जी. कीबोर्ड काढा, दोन सेकंद थांबा, पुन्हा लावा. सगळं ठीक असेल तर साधारण अशा ओळी येतात:

यूएसबी १-२: न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ७ यूझिंग एक्सएचसीआय_एचसीडी
यूएसबी १-२: न्यू यूएसबी डिव्हाइस फाउंड, आयडीव्हेंडर=…, आयडीप्रॉडक्ट=…
इनपुट: … कीबोर्ड अ‍ॅज /डिव्हायसेस/…/इनपुट२१
एचआयडी-जेनेरिक …: इनपुट,एचआयडीरॉ३: यूएसबी एचआयडी व्ही१.११ कीबोर्ड

पहिली ओळ सांगते की पोर्टवर विजेच्या दृष्टीनं काहीतरी जोडलं गेलं. दुसरी सांगते की त्या वस्तूनं आपली ओळख दिली. तिसरी, की इनपुट यंत्रणेनं तिला दाखल करून घेतलं. चौथी, की ड्रायव्हर चिकटला. कोणत्या ओळीनंतर शांतता पसरते ते बघितलं की पाणी कुठं मुरतंय ते कळतं.

एकही ओळ आली नाही तर वायर, पोर्ट किंवा वीज. फक्त पहिली ओळ आली आणि मागोमाग 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१' दिसलं तर संभाषण अर्धवट तुटतंय. -७१ म्हणजे प्रोटोकॉलची चूक, आणि बहुतेक वेळा त्यामागं खराब वायर, ढिला पोर्ट किंवा दमलेला हब असतो. एरर -११० म्हणजे उत्तराची वाट बघून वेळ संपली. 'ओव्हर-करंट' असा शब्द दिसला तर त्या पोर्टवर जास्त वीज ओढली जातेय. रंगीत दिव्यांचे कीबोर्ड बिनविजेच्या हबवर लावले की असे प्रकार होतात. यूएसबी २ चा पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो, आणि बाहेरून वीज नसलेला हब तेवढ्यातच सगळ्यांची सोय लावत असतो.

'डिव्हाइस इज नॉट ऑथराइज्ड फॉर यूसेज' ही ओळ मात्र वेगळी. कीबोर्ड चांगला आहे, त्याला मुद्दाम दाराशी थांबवलंय. कीबोर्डचं सोंग घेऊन कमांड टाइप करणाऱ्या फसव्या यूएसबी वस्तूंपासून बचाव म्हणून यूएसबीगार्डसारखी सोय लावलेली असते. 'सूडो यूएसबीगार्ड लिस्ट-डिव्हायसेस' मध्ये तुमच्या कीबोर्डपुढं ब्लॉक लिहिलेलं दिसेल. 'अलाऊ-डिव्हाइस' आणि त्याचा क्रमांक दिला की तो आत येतो. ऑफिसचं मशीन असेल तर हे परस्पर करू नका, ज्यांनी लावलंय त्यांना विचारा.

ड्रायव्हर चिकटलाय का, आणि संदेश येतोय का

'एलएसयूएसबी -टी' दिलं की यूएसबीचं झाड दिसतं. कीबोर्डच्या ओळीत 'ड्रायव्हर=यूएसबीएचआयडी' आणि वेग १.५एम किंवा १२एम असा दिसायला हवा. ड्रायव्हरची जागा रिकामी असेल किंवा तिथं 'नन' असेल तर 'सूडो मोडप्रोब यूएसबीएचआयडी' आणि 'सूडो मोडप्रोब एचआयडी-जेनेरिक' देऊन बघा. मोडप्रोबनं मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) सापडत नाही असं म्हटलं, तर एक गोष्ट हमखास तपासा: कर्नल अपडेट करून रीस्टार्ट करायचं राहिलंय का? काही डिस्ट्रिब्युशनमध्ये नवा कर्नल आला की जुन्याची मॉड्यूल डिस्कवरून जातात. चालू कर्नल जुना, फाइली नव्या, आणि नव्यानं लावलेला कीबोर्ड अधांतरी. उपाय फक्त रीस्टार्ट.

पुढं '/प्रोक/बस/इनपुट/डिव्हायसेस' ही फाइल कॅटनं वाचा. प्रत्येक वस्तूचा एक परिच्छेद असतो. कीबोर्डच्या परिच्छेदात हँडलर्सपुढं 'सिसआरक्यू केबीडी लेड्स इव्हेंट३' असं काहीतरी आणि खाली बहुधा 'ईव्ही=१२००१३' दिसतं. इव्हेंटचा क्रमांक लक्षात ठेवा. एकाच कीबोर्डचे दोन-तीन परिच्छेद असू शकतात, एक मुख्य बटणांचा आणि बाकीचे आवाजाच्या किंवा जास्तीच्या बटणांचे. चुकीचा क्रमांक घेऊन तपासणी केली तर चांगला कीबोर्डही मेलेला वाटतो.

आता सगळ्यात मोलाची कमांड: 'सूडो ईव्हीटेस्ट /डेव्ह/इनपुट/इव्हेंट३'. ईव्हीटेस्टची अक्षरं ई, व्ही आणि पुढं टेस्ट. ए दाबा. 'की_ए, कोड ३०, व्हॅल्यू १' असं दिसेल, सोडल्यावर व्हॅल्यू ०, दाबून धरलं तर २. हे दिसलं म्हणजे वायरपासून कर्नलपर्यंतचा सगळा रस्ता निर्दोष आहे आणि यापुढं फक्त डेस्कटॉपकडंच बघायचं. काहीच आलं नाही तर बिघाड मागच्या बाजूला. ही माझ्या दृष्टीनं सीमारेषा आहे. इतर कुठलीही तपासणी केली नाही तरी ही करा. मात्र हे चालू असताना पासवर्ड टाइप करू नका, प्रत्येक अक्षर पडद्यावर येतं.

कधी ईव्हीटेस्ट सांगतो की हे डिव्हाइस दुसऱ्या प्रोसेसनं पकडून ठेवलंय. बटणांच्या जागा बदलणारे केईवायडी किंवा इनपुट-रीमॅपरसारखे प्रोग्राम असंच करतात: खरा कीबोर्ड स्वतःच्या ताब्यात घेऊन एक आभासी कीबोर्ड पुढं करतात. त्यांच्या कॉन्फिगमध्ये चूक झाली की सगळी बटणं गिळली जातात. ती सर्व्हिस थांबवा. केईवायडीमध्ये बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकत्र दाबले की तो स्वतःहून बंद होतो, एवढी सोय त्याच्या कर्त्यानं ठेवलीय.

लॅपटॉपचा आतला कीबोर्ड

बऱ्याच लॅपटॉपचा आतला कीबोर्ड यूएसबीवर नसतो. तो अजूनही आय८०४२ नावाच्या जुन्या कंट्रोलरची भाषा बोलतो, जी १९८० च्या दशकातल्या आयबीएम पीसीपासून चालत आलीय. म्हणून एलएसयूएसबीमध्ये तो दिसला नाही तर घाबरू नका, तिथं तो दिसणारच नाही. डीमेसेजमध्ये 'आय८०४२' आणि 'एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड' शोधा. तेही नसेल तर तुमचा लॅपटॉप वेगळ्या वाटेनं जाणारा असू शकतो. काहींचा कीबोर्ड आय२सी नावाच्या आतल्या जोडणीवर असतो, तर २०१५ नंतरच्या काही मॅकबुकचा एसपीआय नावाच्या जोडणीवर, ज्याचा अ‍ॅपलएसपीआय हा ड्रायव्हर लिनक्स ५.३ मध्ये आला.

ग्रबमध्ये बाण चालतात, लिनक्स सुरू झालं की आतला कीबोर्ड गप्प, यूएसबीचा मात्र चालतो. ही तक्रार असेल तर '/प्रोक/इंटरप्ट्स' बघा. इंटरप्ट म्हणजे एखाद्या वस्तूनं कर्नलला मारलेली हाक. त्यात १ क्रमांकाच्या ओळीत आय८०४२ असतं आणि पुढं आकडे. फाइल वाचा, आतल्या कीबोर्डवर दहा-बारा बटणं दाबा, पुन्हा वाचा. आकडा वाढला तर संदेश येतोय. आकडा जागचा हलला नाही तर कीबोर्ड दार ठोठावतोय आणि कर्नलला ऐकूच जात नाही.

हा प्रकार मी एका नव्या लॅपटॉपवर बघितला. अर्धा दिवस लेआउट आणि ड्रायव्हरच्या मागं गेला, आणि त्या एका आकड्यानं दोन मिनिटांत निकाल लावला. २०२२ च्या सुमारास रायझन ६००० मालिकेच्या प्रोसेसरवाल्या बऱ्याच लॅपटॉपवर हे झालं. फर्मवेअरनं इंटरप्ट १ ची जी माहिती दिली होती ती लिनक्स दुरुस्त करायला जायचं आणि तिथंच बिघडायचं. कर्नलमध्ये नंतर दुरुस्त्या आल्या आणि अपवाद करायच्या मॉडेलची यादीही ठेवली गेली. तेव्हा अशा मशीनवर आधी कर्नल आणि फर्मवेअर नवं करा. बूटच्या वेळी कर्नलला पॅरामीटर, म्हणजे सूचना, देत बसण्यापेक्षा हा उपाय खात्रीचा.

जुन्या लॅपटॉपवर कर्नल पॅरामीटरचा उपयोग होतो. ग्रबच्या मेनूत ई दाबा, 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'आय८०४२.रीसेट' जोडा, कंट्रोल-एक्स दाबून बूट करा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो, म्हणून प्रयोगाला भिऊ नका. जमलं नाही तर 'आय८०४२.नोमक्स', मग 'आय८०४२.नोपीएनपी', पण एका वेळी एकच. तिन्ही एकदम घातले आणि कीबोर्ड चालला, तर कशानं चालला ते कधीच कळणार नाही. लागू पडलेला पॅरामीटर '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मध्ये लिहून ग्रबचं कॉन्फिग नव्यानं बनवलं की तो कायमचा होतो.

डिस्कच्या पासवर्डपाशी अडतंय

ग्रब चालतो, डेस्कटॉप चालला असता, पण मधे एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचा पासवर्ड टाकताच येत नाही. या क्षणी तुमची डिस्क अजून उघडलेली नसते. कर्नलबरोबर फक्त इनिटरॅमएफएस नावाची छोटी पुडी असते आणि त्या पुडीत तुमच्या कीबोर्डचा ड्रायव्हर नसेल तर कर्नल तरी काय करणार? पुडी लहान ठेवण्यासाठी ती बनवताना जोडलेल्या वस्तूंचेच ड्रायव्हर घेण्याची पद्धत असते. माझ्या मशीनवर असंच झालं होतं. अपडेटच्या रात्री एक कीबोर्ड लावलेला, सकाळी यूएसबी रिसीव्हरवाला बिनवायरचा दुसरा लावला, आणि पासवर्डचा पडदा ढिम्म. जुना कीबोर्ड लावताच सुरळीत.

आत काय आहे ते बघायला डेबियन, उबंटूवर 'एलएसइनिटरॅमएफएस', आर्चवर 'एलएसइनिटसीपीआयओ' आणि ड्रॅकट वापरणाऱ्या सिस्टिमवर 'एलएसइनिटआरडी' आहे. त्यात यूएसबीएचआयडी, एचआयडी-जेनेरिक आणि एक्सएचसीआय (यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर) शोधा. आर्चवर '/ईटीसी/एमकेइनिटसीपीआयओ.कॉन्फ' मधल्या हुक्सच्या ओळीत 'कीबोर्ड' हा शब्द 'ऑटोडिटेक्ट' च्या आधी न्या, म्हणजे सगळ्या कीबोर्डचे ड्रायव्हर पुडीत येतात. मग 'सूडो एमकेइनिटसीपीआयओ -पी' द्या, यातला पी मोठ्या लिपीतला. इनिटरॅमएफएस-टूल्स वापरणाऱ्या डेबियनवर मॉड्यूल्सची किंमत 'डेप' असेल तर 'मोस्ट' करा आणि 'सूडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' द्या.

अक्षरं जातात पण पासवर्ड चुकीचा ठरतो, असं असेल तर ती ओळखीची अडचण नाही. त्या पडद्यावर बहुधा अमेरिकन लेआउट असतो आणि तुमच्या पासवर्डमधली चिन्हं वेगळ्या बटणांवर गेलेली असतात. ब्लूटूथ कीबोर्डची मात्र या टप्प्यावर आशा धरू नका. ब्लूटूथची सर्व्हिस डिस्क उघडल्यावर सुरू होते. डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या मशीनजवळ वायरचा एक कीबोर्ड असू द्या.

ईव्हीटेस्टमध्ये दिसतं, डेस्कटॉपवर नाही

आधी स्लो कीज बघा. अ‍ॅक्सेसिबिलिटीचे शॉर्टकट चालू असतील तर शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्यावर ही सोय सुरू होते आणि मग प्रत्येक बटण थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही. वाचताना हात शिफ्टवर टेकून राहिला तरी पुरे. पुन्हा आठ सेकंद शिफ्ट धरा, किंवा सेटिंगमधून बंद करा. फक्त आकड्यांची बाजू बंद असेल आणि ती दाबल्यावर माउसचा बाण सरकत असेल तर माउस कीज चालू झाल्यात. शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून त्या बंद होतात.

दुमडणाऱ्या लॅपटॉपवर आणखी एक ठिकाण आहे. पडदा मागं वळवला की टॅबलेट मोडचा स्विच लागतो आणि लिबइनपुट आतला कीबोर्ड बंद करतं. तो स्विच चुकीचा अडकला तर सरळ उघडलेल्या लॅपटॉपचाही कीबोर्ड बंद राहतो. 'सूडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवा. सुरुवातीलाच टॅबलेट-मोड स्टेट १ असं आलं तर चोर सापडला. पडदा एकदा पूर्ण फिरवून परत आणा. तरीही अडकलेलाच राहिला तर ते कर्नलमधल्या त्या लॅपटॉपच्या ड्रायव्हरचं काम आहे.

एक्स सर्व्हरवर कीबोर्ड आणि माउस दोन्ही एकदम गेले, तर बहुधा अपडेटमध्ये इनपुट ड्रायव्हरचं पॅकेज निघून गेलेलं असतं. 'एक्सऑर्ग.०.लॉग' मध्ये 'नो इनपुट ड्रायव्हर स्पेसिफाइड' शोधा. ही फाइल '/व्हार/लॉग' मध्ये किंवा होम फोल्डरच्या '.लोकल/शेअर/एक्सऑर्ग' मध्ये असते. डेबियनवर 'एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-इनपुट-लिबइनपुट' हे पॅकेज टाका. पॅकेज असूनही चालत नसेल तर 'यूडेव्हएडीएम इन्फो /डेव्ह/इनपुट/इव्हेंट३' द्या आणि 'आयडी_इनपुट_कीबोर्ड=१' आहे का बघा. ही खूण यूडेव्ह लावतं. ती नसेल तर लिबइनपुट त्या वस्तूला कीबोर्ड मानत नाही. कुणीतरी लिहून ठेवलेला जुना नियम '/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी' मध्ये पडलेला सापडतो.

ब्लूटूथ आणि रिसीव्हर

रेडिओ बंद-चालू दाखवणाऱ्या 'आरएफकिल लिस्ट' मध्ये सॉफ्ट ब्लॉक असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ'. मग 'ब्लूटूथसीटीएल' उघडून क्रमानं पॉवर ऑन, एजंट ऑन, डिफॉल्ट-एजंट, स्कॅन ऑन, पेअर, ट्रस्ट, कनेक्ट. पेअर करताना आकडे आले तर ते त्याच ब्लूटूथ कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचा. पडद्याकडं बघत नुसते थांबून राहिलं तर जोडणी निसटते. ट्रस्ट विसरलात तर आज जोडलेला कीबोर्ड उद्या स्वतःहून येत नाही.

एका मशीनवर दोन सिस्टिम असतील तर कीबोर्ड आलटून पालटून हरवतो. ब्लूटूथ अडॅप्टरचा पत्ता एकच, पण प्रत्येक सिस्टिमनं पेअर करताना वेगळी गुप्त किल्ली ठरवलेली असते आणि कीबोर्डला शेवटचीच आठवते. दुसऱ्या सिस्टिममधली किल्ली '/व्हार/लिब/ब्लूटूथ' खालच्या इन्फो फाइलीत नेऊन ठेवली की दोन्हीकडं चालतो. डिसेंबर २०२३ मध्ये ब्लूटूथ कीबोर्डबाबतची एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, जिच्यातून अनोळखी माणूस तुमच्या मशीनवर बटणं दाबू शकत होता. त्यानंतर लिनक्सची ब्लूटूथ यंत्रणा असलेल्या ब्लूझेडनं नीट पेअर न झालेल्या वस्तू नाकारायला सुरुवात केली. अपडेटनंतर जुना कीबोर्ड जोडेना, तर सुरक्षा ढिली करू नका. कीबोर्ड रिमूव्ह करून नव्यानं पेअर करा.

रिसीव्हरवाला कीबोर्ड मधेच अक्षरं गाळत असेल तर रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टपासून दूर न्या. यूएसबी ३ मुळं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलनं २०१२ मध्येच दाखवून दिलंय. हातभर एक्स्टेन्शन वायर पुरते.

झोपेतून उठल्यावर गायब

मशीन थोडा वेळ पडून राहिलं की पहिली दोन-तीन बटणं वाया जातात किंवा कीबोर्ड उठतच नाही, याचं मूळ बहुधा वीज वाचवण्यात असतं. वीज वाचवणारा पॉवरटॉप हा प्रोग्राम '--ऑटो-ट्यून' नं चालवला की तो कीबोर्डलाही झोपवतो. '/सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस' मध्ये तुमच्या कीबोर्डच्या फोल्डरात 'पॉवर/कंट्रोल' फाइल असते. तिच्यात ऑटो असेल तर रूट होऊन 'ऑन' लिहा. यानं बरं वाटलं तर पॉवरटॉपची ती सर्व्हिस काढा, किंवा फक्त या कीबोर्डसाठी यूडेव्हचा नियम लिहा. सगळ्या यूएसबीची झोप बंद करणारा 'यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-१' हा पॅरामीटर तपासणीला ठीक आहे, कायमचा ठेवला तर लॅपटॉपची बॅटरी भुर्दंड भरते. आतला कीबोर्ड उठत नसेल तर '/सिस/बस/सेरिओ/डिव्हायसेस/सेरिओ०/डीआरव्हीसीटीएल' मध्ये 'रीकनेक्ट' हा शब्द लिहून बघा.

लिनक्स नसेल तर

तपासणीचा क्रम तोच, हत्यारं वेगळी. फ्रीबीएसडीवर 'यूएसबीकॉन्फिग' यादी देतं, डीमेसेजमध्ये यूकेबीडी, एचकेबीडी किंवा एटीकेबीडी शोधायचं. सगळे कीबोर्ड केबीडीमक्समध्ये एकत्र येतात, म्हणून 'केबीडीकंट्रोल' नं एकेक वेगळा करून बघता येतो. ओपनबीएसडीवर 'यूएसबीडेव्हस -व्ही' आणि डीमेसेजमधली डब्ल्यूएसकेबीडीची ओळ, म्हणजे कीबोर्ड कन्सोलला जोडला गेला की नाही ते दिसतं. मॅकओएसवर 'सिस्टिम_प्रोफायलर' कमांडनं यूएसबीची यादी मिळते. अ‍ॅपल सिलिकॉनच्या लॅपटॉपवर २०२२ च्या व्हेंच्युरापासून नवी वस्तू जोडताना परवानगी विचारली जाते. ती चौकट न वाचता बंद केली तर कीबोर्ड जोडलेला असूनही गप्प राहतो.

मदत मागताना

एवढं करूनही अडलं तर मदत मागताना 'कीबोर्ड चालत नाही' एवढंच लिहू नका. कोणत्या टप्प्यापर्यंत चालतो, कीबोर्ड काढून लावतानाचं डीमेसेज, प्रोकमधला त्याचा परिच्छेद, ईव्हीटेस्टचा निकाल आणि 'यूनेम -आर' नं मिळालेली कर्नलची आवृत्ती द्या. लॅपटॉपच्या आतल्या कीबोर्डची तक्रार असेल तर 'सूडो डीएमआयडीकोड' मधलं नेमकं मॉडेल आणि मदरबोर्डचं नाव जोडा. इंटरप्ट १ च्या अपवादांची यादी कर्नलमध्ये याच नावांवरून चालते, आणि दुरुस्ती म्हणजे बहुधा त्या यादीत वाढलेली एक नोंद असते. डीएमआयडीकोडमध्ये सिरीयल नंबर आणि यूयूआयडीही असतात. पाठवण्याआधी तेवढ्या ओळी काढून टाका.